आडनाव न विचारणारी खोली

‘कुणाचा रे तू?’

डॉक्टरांनी प्रेमानेच विचारलं होतं. आमच्याकडे, बेळगावच्या मराठी सीमाभागात, असंच विचारतात. येळ्ळूर असो, कंग्राळी असो की खानापूर, नवा माणूस समोर आला की आधी गाव, मग गल्ली, मग घर, आणि त्यानंतर त्याचं काम. भावाने वडिलांचं नाव सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा एकदम खुलला. ‘अरे, म्हणजे वडगावच्या आप्पांचा तू! शहाऐंशीला कन्नडसक्तीविरुद्धच्या लढ्यात लाठ्या खाल्लेला माणूस तो. अशा बापाच्या पोटी जन्मून तू...’ वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. भावाने मान खाली घातली ती घातलीच. झोप लागते का, जेवण जातं का, दारू किती घेतोस, कधीपासून घेतोस, या सगळ्याला त्याने नुसती मान हलवली. डॉक्टरांनी यकृताच्या तपासण्या लिहून दिल्या, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि फी घ्यायला ठाम नकार दिला. ‘घरचंच पोरगं आहे,’ म्हणाले. रिक्षात बसेपर्यंत भाऊ गप्प होता. मग म्हणाला, ‘अक्का, परत इथं आणू नको मला.’

त्या माणसाच्या चांगुलपणाविषयी मला आजही शंका नाही. तरी त्या न घेतलेल्या फीचं ओझं कितीतरी दिवस माझ्या मनावरून उतरलं नाही. पैसे घेतले असते तर भाऊ पेशंट झाला असता. पैसे न घेतल्यामुळे तो पुन्हा आप्पांचा मुलगाच राहिला, आणि आप्पांचा मुलगा म्हणून त्याला जे सोसत नव्हतं त्यासाठीच तर तो पीत होता, असं मला आतून वाटत असे. त्यांच्याकडे जायचं ठरलं ते ते आपले म्हणून. मनातलं बोलायचं तर आपल्या भाषेत बोलता आलं पाहिजे, यावर घरात कुणाचं दुमत नव्हतं. माझं तर नव्हतंच. मी खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेत शिकवते. वर्गातल्या पटावरची नावं दरवर्षी कशी कमी होत जातात ते बघत आले आहे. आमचा भाग कर्नाटकात गेला त्याच्या निषेधाच्या, एक नोव्हेंबरच्या सायकल फेरीत आप्पांच्या सायकलच्या नळीवर बसून मी काळा झेंडा धरलेला आहे, हात दुखला तरी खाली न करता. भाषा म्हणजे घराचं छप्पर, असंच आम्ही मोठे झालो. ते छप्पर माझ्या भावाच्या अंगावर कसं येत असेल, याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती.

भाऊ उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहे. तिथून येतो तेव्हा त्याच्या केसांत काळी वाळू असते आणि अंगाला जळक्या तेलाचा वास. हा वास मला आवडतो, कारण तो कामाचा वास आहे. पुढे त्यात दुसरा वास मिसळायला लागला. आधी पगाराच्या दिवशी, मग शनिवारी, मग सेकंड शिफ्ट सुटल्यावर रोज. आमच्याकडे ‘नाइन्टी’ म्हणतात, नव्वद मिलीचं पाकीट. खिशात मावतं, दोन घोटांत संपतं, आणि घरी येताना माणूस प्यायलाय की नुसता दमलाय ते पहिल्या वर्षी तरी कळत नाही. २००७ च्या जुलैत कर्नाटकात सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद झाली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांना केवढा सुटल्यासारखा श्वास आला होता. मी तेव्हा तिथेच होते, मला ते चेहरे आठवतात. नंतर तेच पुरुष वाइन शॉपच्या जाळीसमोर उभे राहू लागले, एवढाच फरक पडला. शिवाय चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. तिथे कर कमी, बाटली स्वस्त. मित्रांबरोबर दर्शनाला म्हणून जायचं आणि येताना डिकी भरून आणायची, यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

दारू सोडवायचे म्हणून जे जे उपाय असतात ते सगळे झाले. आईने सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन यल्लम्माची शपथ घालायला लावली. पंढरपूरला जाऊन तुळशीची माळ घातली. माळ गळ्यात होती तोवर खरंच सुटली होती, आणि त्या माळेला मी कधी नावं ठेवणार नाही, कारण तिच्या जोरावर सुटलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. भावाची माळ एका रात्री त्यानेच काढून देवघरात ठेवली. प्यायच्या आधी काढली, ही त्याची देवावरची श्रद्धा. आई मात्र त्या माळेकडे बघून रडत बसायची.

मग विजेच्या खांबावरचा कागद. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा.’ वर कन्नड, खाली मराठी, मध्ये मोबाइल नंबर. पाटीवरच्या अक्षरांवरून ज्या शहरात डोकी फुटतात, तिथे हा कागद दोन्ही भाषांत वर्षानुवर्षं चिकटलेला असतो, कारण दुःख दोन्हीकडे सारखं आहे. वहिनीने ती पुडी आणली होती. आमटीत घालायची, सांगायचं नाही. मी औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारलं, तो घाबरलाच. अशा पुड्यांत काय असतं ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि काहींत डायसल्फिराम असू शकतं, असं त्याने सांगितलं. ते खरं औषध आहे, डॉक्टर देतातही, पण पेशंटला सगळं समजावून आणि त्याची संमती घेऊन. पोटात ते असताना दारू गेली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. न सांगता दिलेल्या माणसाला आपल्याला काय होतंय हेच कळणार नाही. वहिनीने पुडी मोरीत ओतली. तिच्या हाताला कापरं भरलं होतं.

पुढे भावाला फिट आली ती मात्र कुठल्याही पुडीने नाही. श्रावण लागला म्हणून भावाने स्वतःहून एका दिवसात सगळं बंद केलं. घरात आनंद. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, अंगातला बनियन घामाने भिजला, आणि रात्री जेवायला बसल्या जागी तो ताठ होऊन आडवा झाला. त्यानंतर मला जे समजलं ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. रोज आणि खूप पिणाऱ्याने अचानक थांबणं जीवावर बेतू शकतं. काही तासांतच थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत भास, भ्रम, माणसं न ओळखणं. हे सगळं टाळता येतं. क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या सुरुवातीला पुरेशा देऊन दिवसागणिक उतरवत नेतात, सोबत थायमिनची इंजेक्शनं देतात. आठवडाभरात शरीर ताळ्यावर येतं. दवाखान्यातून सोडताना आम्हाला सांगितलं, ‘आता याला कौन्सेलिंगची गरज आहे.’ कुठे, कुणाकडे, कसं, यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं.

शोध खरा तिथून सुरू झाला.

मला तोवर सायकियाट्रिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट यांतला फरकसुद्धा नीट ठाऊक नव्हता. पहिला वैद्यकीय डॉक्टर, औषधं देऊ शकतो. दुसरा औषधं देत नाही, बोलण्यातून काम करतो, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारता येते, विचारावी. पाटीवर ‘समुपदेशक’ लिहायला मात्र बरेच जण मोकळे असतात. शाळा सुटल्यावर मी फोन करत असे. कुणी लग्न जुळवण्याचं आणि व्यसनाचं समुपदेशन एकत्रच करायचे. कुणी फोनवरच दारूचे दुष्परिणाम सांगायला लागायचे, जणू आम्हाला ते कळत नव्हते. कुणाकडे एका भेटीचे पैसे भावाच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढे. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक २०२२ पासून आहे, बिनपैशाचा, भाषा निवडता येते. तिथल्या बाईंशी मी माझंच बरंच बोलले, भावाविषयी विचारायला फोन केला होता हे विसरून. एम्सने केलेल्या देशभरच्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला, त्यात म्हटलं आहे की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस माणसांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो. ते वाचलं तेव्हा मला आमची गल्लीच डोळ्यांसमोर आली. उरलेले सदतीस कोण, ते मी घरांच्या नंबरांसकट सांगू शकले असते.

एका नातेवाइकाने सीमेपलीकडचं एक ‘केंद्र’ सुचवलं. सगळे मराठी, खात्रीचे लोक, म्हणाला. मी आणि वहिनी बघायला गेलो. दाराला बाहेरून कुलूप होतं. आत एका तरुण पोराच्या पायात साखळी होती, आणि दाखवणारा माणूस ती आम्हाला अभिमानाने दाखवत होता. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारूच्या व्यसनातून होणाऱ्या आजारालाही लागू होतो, आणि त्यात साखळीने बांधायला सरळ मनाई आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण वहिनी मात्र पायरीवरूनच मागे फिरली. येताना बसमध्ये म्हणाली, ‘पिऊ दे एक वेळ, पण बांधून नको.’

पुण्याच्या मुक्तांगणचं नाव अर्थातच सगळ्यांनी काढलं. ज्या १९८६ च्या जूनमध्ये इकडे कन्नडसक्तीविरुद्ध माणसं रस्त्यावर उतरली, हिंडलग्याला गोळ्या खाऊन पडली, त्याच वर्षी २९ ऑगस्टला तिकडे अवचट पती-पत्नींनी व्यसनमुक्तीचं हे काम सुरू केलं. माझ्या डोक्यात ही दोन्ही एकाच वर्षाची गाठ का कोण जाणे बसून राहिली आहे. आमच्या घराला त्या वर्षाचा एकच अर्थ माहीत होता. भावाला तिथे पाठवायची माझी फार इच्छा होती. महिन्याहून जास्त राहायचं, तेवढी रजा फाउंड्रीत मिळणार नव्हती. आणि त्याला खरं कारण विचारलं तर म्हणाला, ‘तिथं बी बेळगावची चार पोरं भेटतील की.’

त्या वाक्यापाशी मी थांबले.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात १९३५ साली दोन पिणाऱ्यांनी केली, एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक. बैठकीत आडनाव सांगायचं नाही ही त्यांची रीत. पूर्वी मला ते लाजेखातर असेल असं वाटायचं. आता वाटतं, आडनाव दाराबाहेर ठेवल्याशिवाय काही गोष्टी तोंडातून बाहेरच येत नसतील. आमच्या भागात तर आडनावाच्या मागोमाग गाव येतं, गावामागून चळवळ, चळवळीमागून बाप. माझ्या भावाला अशी खोली हवी होती जिथे यातलं काहीच कुणाला माहीत नसेल. आपल्या माणसांत ती सापडणं अवघड होतं, आणि मी आपल्या माणसांतच शोधत होते.

धारवाड हा शब्द आमच्या लहानपणी शिवीसारखा वापरत. कुणी वेड्यासारखं वागलं की ‘याला धारवाडला नेऊन सोडा’. तिथलं इंग्रजांच्या काळातलं वेड्यांचं इस्पितळ आता डिमहान्स ही मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, पण आईच्या मनातलं धारवाड तेच. तिला आम्ही कामाला जातोय एवढंच सांगितलं. बेळगावहून पाऊणशे किलोमीटर. बस सुटली की थोड्याच वेळात हलग्याजवळ कर्नाटक विधिमंडळाची इमारत, सुवर्ण विधानसौध, दिसते. २०१२ साली तिचं उद्घाटन झालं, त्या दिवशी आप्पा जेवले नव्हते. मग हिरेबागेवाडी, कित्तूर, आणि मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन. भाऊ खिडकीपाशी बसला होता. त्याच्या मांडीवर फाइल होती आणि फाइलवर हात.

मानसशास्त्रज्ञ बाई तरुण होत्या, गदगकडच्या. मराठी त्यांना समजत होती थोडीफार, बोलता येत नव्हती. मी मध्ये बसून दुभाषाचं काम करायची तयारी करून गेले होते. त्यांनी भावाकडे बघून विचारलं, ‘निमग एनंत करीली?’ तुम्हाला काय म्हणून हाक मारू? भावाने त्याचं घरातलं लाडाचं नाव सांगितलं. ते नाव आईखेरीज हल्ली कुणी घेत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘अक्का, तू बाहेर बस की.’

बाहेर बाकावर बसून मला दाराआडून त्याचा आवाज ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते सगळे. माझं कन्नड बाजारापुरतं आणि शिक्षण खात्याच्या सर्क्युलरपुरतं. त्याचं कन्नड फाउंड्रीत शिकलेलं, गोकाक-बैलहोंगलच्या पोरांबरोबर डबा खाताना, भट्टीसमोर, शिव्यांसकट आलेलं. ते असं पाण्यासारखं वाहत होतं. मध्येच तो हसला. नंतर बराच वेळ काही नाही. नंतर पुन्हा आवाज, जरा चिरका. आम्ही घरात ज्याच्याकडून होय-नाहीच्या पलीकडे काही ऐकलं नव्हतं, तो तासभर बोलत होता.

मला आनंद झाला असं सांगितलं तर ते अर्धंच खरं होईल. माझ्या छातीत काहीतरी दुखलं. ज्या भाषेत मी त्याला अंगाई म्हटली, पाढे शिकवले, ती त्याला या कामाला नको होती. पुष्कळ दिवस विचार केल्यावर मला एवढं समजलं की मराठीत त्याच्याविषयी जे बोलण्यासारखं होतं ते आम्ही सगळ्यांनी आधीच बोलून टाकलं होतं. बट्टा लावलास, बापाचं नाव बुडवलंस, बायकोकडे तरी बघ, लाज कशी वाटत नाही. त्याने तोंड उघडलं की तीच वाक्यं त्याच्या जिभेवर येत असणार, स्वतःविरुद्ध. कन्नडमध्ये त्याला अजून कुणी रागावलं नव्हतं. तिथे त्याला स्वतःविषयी नवी वाक्यं करता येत होती. आमच्या लढ्याविषयीच्या माझ्या भावना यामुळे बदललेल्या नाहीत. माझ्या शाळेतल्या पोरांना मराठीत शिकता आलंच पाहिजे, हे मी आजही त्याच ठामपणे म्हणते. या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात आणि नेहमी एकमेकींशी बोलतात असं नाही.

आत काय झालं ते त्याने थोडंथोडं सांगितलं, त्याला वाटेल तेव्हा. बाईंनी का पितोस असं विचारलंच नाही. दारू तुला काय देते, हे आधी विचारलं. त्याला पहिल्यांदा वाटलं की फसवताहेत. मग त्याने सांगितलं की भट्टीचा आवाज डोक्यातून जातो, आणि घरात शिरताना आप्पांची नजर पडली तरी लागत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. मग काय काढून घेते, तेही लिहिलं, तेवढ्याच शांतपणे. एकदा त्याच्याकडून उद्यमबाग ते वडगाव रस्त्याचा नकाशा काढून घेतला, दुकानं, बार, पैसे उसने देणारा मित्र, सगळं त्यावर. मग तिसऱ्या रेल्वे गेटकडून जाणारी दुसरी वाट शोधली, लांबची. ओढ आली की ती कायम राहत नाही, अर्ध्या तासात बहुतेक वेळा ओसरते, तेवढा अर्धा तास कुठे आणि कुणाबरोबर काढायचा एवढंच ठरवायचं, हे त्याने मला समजावून सांगितलं तेव्हा तो मला धडा शिकवणाऱ्या मास्तरासारखा दिसला.

आप्पांना सहा महिने कुणी काही सांगितलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘कानडीत सांगतो सगळं?’ मी हो म्हटलं. ते उठून परड्यात गेले. बाईंनी दोनदा निरोप पाठवला की वडिलांना एकदा आणा, मराठीत बोलले तरी चालेल, मला समजेल. आप्पा गेलेले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाले, ‘मी गेलो तर तो बोलायचा थांबेल.’ यात शहाणपण किती आणि टाळणं किती, ते मला ठरवता येत नाही. दर खेपेला धारवाडच्या तिकिटाचे पैसे मात्र ते आईच्या हातून वहिनीकडे देतात.

दिवाळीत तो पुन्हा प्यायला. पाडव्याच्या रात्री. वहिनी माहेरी निघून गेली, आईने दोन दिवस चूल पेटवली नाही. बाईंना फोन लावायला त्याची हिंमत होईना, कारण त्याला वाटलं त्याही आता तेच म्हणतील. शेवटी लावला, तर त्यांनी एवढंच विचारलं की त्या दिवशी दुपारपासून काय काय झालं, ते आठवेल तसं सांग. तो पुन्हा धारवाडला जायला लागला. वहिनी परत यायला मात्र महिना लागला, आणि ती परत आली म्हणजे तिचं दुखणं संपलं असं नाही. तिने कुणाशी बोलायचं, हा प्रश्न अजून तसाच आहे. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीही वेगळ्या बैठका असतात हे मी तिला सांगते. ‘बघू,’ म्हणते.

आता त्या बाईंची तिथली मुदत संपली आहे, त्या दुसऱ्या गावी गेल्या. पुन्हा शोध आला. मी वही काढून नंबर जमवायला बसले होते. भावाने वही माझ्या हातून घेतली आणि स्वतः फोन लावला, स्पीकरवर न ठेवता. पलीकडून कोण बोलत होतं, कुठल्या भाषेचं, मला ऐकू येत नव्हतं. तो कधी कन्नड, कधी हिंदी बोलत होता. त्याने फी विचारली. सेकंड शिफ्ट असते, तर सकाळी लवकर वेळ मिळेल का विचारलं. मग जरा थांबून विचारलं की मध्ये कधी प्यालो तर यायचं की नाही यायचं. पलीकडचं उत्तर त्याने पूर्ण ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पेन मागितलं. गुरुवार सकाळ साडेआठ लिहून घेतलं. आता त्याला फोरमनकडून गुरुवारची शिफ्ट बदलून घ्यायची आहे, आणि फोरमनला कारण काय सांगायचं यावर तो आणि वहिनी आत बोलत बसले आहेत.